कुंकू लागलेली सहा मडकी

आमच्या घरी एकदा पाली होत्या असं सांगितलं की माझ्या नाती तोंड वाकडं करतात. म्हणून नीट सांगते.

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा नवरा कॉलेजात कामाला आहे, एवढंच मला माहीत होतं. कॉलेजात कुठं, तर जनावरांच्या प्रयोगशाळेत, आणि काम काय, तर पालींना नाकतोडे चारायचे, हे घरात पाऊल टाकल्यावर कळलं. भिंतीवरची आपली पाल नव्हे हो. मेळघाटाच्या पायथ्याला दगडाखाली सापडणारी, वीतभर लांब, पिवळट अंगावर काळे ठिपके आणि बोटासारखी जाड शेपटी. खेड्यातले लोक तिला विषारी समजून दिसली की ठेचत. विषबिष काही नसतं, पण ते मला नंतर समजलं. तोवर मी चार हात लांबच.

नवऱ्याची नोकरी तात्पुरती होती. दर उन्हाळ्यात घरी बसवायचे, कॉलेज उघडलं की पुन्हा घेतील की नाही याची धाकधूक. तिथले प्राध्यापक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांच्या मनात होतं की या पालींनी कॉलेजात अंडी घालावीत. त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, "ही जनावरं हंगामापर्यंत नीट सांभाळलीस तर तुला कायम करायला मी लिहीन. पण नर कुठला आणि मादी कुठली यात घोळ झाला, तर मला काही सांगू नकोस."

आणि घोळ चालतच नव्हता. दोन नर जवळ आले की एकमेकांना फाडतात. मादीजवळ नर वेळेआधी ठेवला की तो तिला सतावतो, ती खाणं सोडते, शेपटीतली चरबी उतरते आणि अंडी धरत नाही. बरं, दरवेळी उलटी करून पाहावी तर घाबरून शेपटीच टाकून देते. मग तो हंगाम गेलाच समजा. म्हणून एकेकीला वेगळं ठेवायचं, खूण करायची आणि हात लावायचा नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात प्रयोगशाळेला चुना मारायचा निघाला. त्या वासानं जनावरं मरतील म्हणून सरांनी ती आमच्याकडे पाठवली. दोन नर, चार माद्या. मी कुंभाराकडून सहा मडकी आणली. दिवस संक्रांतीचे, त्याच्याजवळ सुगडंच होती, त्यातली मोठी निवडून घेतली. नवऱ्यानं झाकणांना भोकं पाडली, आत जुन्या धोतराचे तुकडे घातले आणि मधल्या खोलीत सरकीच्या ढिगात मडकी रोवून दिली, थंडी लागू नये म्हणून. मादीच्या मडक्याला कुंकवाचं बोट, नराच्या मडक्याला चुन्याचं. घरात दुसरं होतं काय खूण करायला? संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो तिळगूळ घेऊन बहिणीकडे अकोल्याला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं तो येणार, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर येऊन माद्यांजवळ नर सोडणार, असं ठरलं होतं.

एसटी बंद पडली की काय झालं, संक्रांतीला तो आलाच नाही. आणि दुपारी हळदीकुंकवाला बायका आल्या.

मी ओसरीवर तिळगूळ देत होते, सासूबाई स्वयंपाकघरात. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा मधल्या खोलीतून आवाज आला, "काय वं सूनबाई, सुगडं अशी सरकीत गाडून ठेवते का कोणी? पाय, मी कशी मांडून देल्ली."

मी आत धावले. काकूंनी सहाही मडकी बाहेर काढली होती, ओल्या फडक्यानं लख्ख पुसली होती, पाटावर ओळीनं मांडली होती आणि एकेकाला हळदीची दोन, कुंकवाची दोन बोटं लावून दिली होती. एक मडकं पदराखाली धरून त्या म्हणत होत्या, "सहा कावून आणले? पाचच लागते. हे मले वाण म्हणून दे."

तेवढ्यात आतून नखं खरवडल्यासारखा आवाज आला. काकूंनी मडकं हळूच खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, तुमच्या घरचं वाण हालून राहिलं." आणि चप्पल शोधायला लागल्या.

मला हसू आलं नाही. सहाही मडकी सारखी, सहाही सवाष्णी. नर कोणता, मादी कोणती?

बायका गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या खांबाला टेकून बसल्या. "उद्या सर येईन आन् माह्या पोराची नोकरी जाईन," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुले येते का ओळखता?"

नवऱ्यानं एकदा जेवताना सांगितलं होतं. नराच्या पोटाखाली, मागच्या दोन पायांच्या मधे, बारीक ठिपक्यांची रांग असते, छपरासारखी दोन्हीकडे उतरती. मादीला ती दिसेल न दिसेल अशी. पण पोट पाहायचं तर उलटी करायला हवी, आणि उलटी केली तर शेपटी. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पुस्तकात असेलही काही उपाय, मला कुठं माहीत?

भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता. त्याच्या काचेत सासूबाईंचं तोंड दिसत होतं, म्हणून माझं लक्ष गेलं. फोटो खाली घेतला, मागचे खिळे उपटले, काच काढली.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "मडक्याच्या तोंडावर काच ठेवून मडकं उलटं केलं, तर जनावर काचेवर येईन. तुमी काच धरा. मी खालून पायते."

"मले पालीची शिसारी येते, तुले माईत हाय."

"माईत हाय. पन हात दोनच हायेत मले."

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केले. दारात पुरेसं ऊन होतं तोवरच हे करायला हवं होतं. मी झाकण जरा सरकवून चिमट्यानं चिंधी बाहेर ओढली, काच लावली, मडकं हळू, अगदी हळू कलतं केलं. आतून घसरल्याचा आवाज. सासूबाई दचकल्या, काच एका अंगाला गेली आणि फटीतून शेपटीचं टोक बाहेर आलं. दाबलं असतं तर संपलं होतं. "आत्याबाई, जरा डावीकडे. हां. आता हालू नोका." शेपटी आत गेली. मी जमिनीवर आडवी झाले आणि खालून पाहिलं. पांढरं, गुळगुळीत पोट. रांग नाही. मादी.

दुसरी मादी. तिसऱ्याला रांग, गोधडीच्या टाक्यांसारखी स्पष्ट. नर. चौथा नर. पाचवी मादी. मनात म्हटलं, झालं, सहावी मादीच राहिली. तरी पाहिली.

तिला रांग होती. बारीक, पण होती. मी डोळे पुसून दोनदा पाहिलं.

"आत्याबाई, नर तीन हायेत."

"दोन हायेत. माह्या पोरानं निवडले ते."

"तीन हायेत."

त्यांनी डोळे उघडले. काचेवरच्या पालीकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "मंग कुंकू लाव न् गप राय. त्याची चूक तू कावून सांगतं?"

"उद्या सर त्याच्यात दुसरा नर सोडतीन. एक तरी मरन. मंग चूक कोनाची निघन?"

काकूंनी लावलेली बोटं पुसून मी तीन मडक्यांना कुंकू लावलं, दोन मडक्यांना चुना. सहाव्याला काहीच नाही. ते तसंच कोरं ठेवलं. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, मीही नाही.

सकाळी सर आले. मी दाराआड उभी राहिले. सासूबाईच पुढे झाल्या. "सर, एक नर जास्तीचा निंगाला. माह्या पोराले मादी वाटली होती. आता तुमाले जे लिहायचं ते लिहा."

सर कोऱ्या मडक्याकडे बघत राहिले. "पण कळलं कसं? हातात घेतली?" त्यांचा आवाज कडक झाला.

सासूबाईंनी काच दाखवली. सरांनी त्यांनाच पुन्हा धरायला लावली, आणि कोट घातलेले सर आमच्या सारवलेल्या जमिनीवर आडवे झाले. बराच वेळ उठले नाहीत. मग कोटाची माती झटकत म्हणाले, "पावसाळ्यात हे पिल्लू होतं. मीसुद्धा मादीच म्हणालो होतो. हे ओळखलं कुणी?"

"सुनेनं," सासूबाई म्हणाल्या. "काच मी धरली."

सरांनी काच मागून नेली. नवरा दुपारी आला आणि सगळं त्यानं ओसरीवरच ऐकलं. "चूक लपवली असती तर?" असं त्यानं विचारलं, तेव्हा सासूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "तू जेव आता."

होळीच्या आधी दोन मऊ, पांढरी अंडी आली. तरी नवऱ्याला कायम केल्याचा हुकूम यायला पावसाळा उजाडला. त्या दिवशी नवरा कागद आणि फोटोची काच दोन्ही घेऊन आला. नवी काच घेऊ म्हणाला, या जुन्या काचेवर ओरखडे पडलेत. सासूबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "हेच बसव."