साठ हजार की दोनशे हजार

२०२२ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत. पण ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे भरणं, करावं तर मीच, हे पनवेलात कुणालाही विचारा.

मुलगी इंजिनीअर. नोकरी सोडून तिनं सुकापूरला माझ्याच गाळ्यात टेबल मांडलं. पहिलं काम आलं जासईच्या कंटेनर यार्डातून. बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टच्या दिव्यांसाठी व्होल्टेज उतरवणारा डबा करायचा, सीटखाली मावेल एवढाच. बॅटरीकडची वायर दिव्यांकडच्या वायरीला शिवता कामा नये, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर. सोमवारी सकाळी नमुना दाखवायचा, नायतर ते बाहेरून तयार डबे आणणार. पोरीचं पहिलंच काम हातचं जाणार.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही एका आकड्यावर अडलो होतो. सेकंदाला किती वेळा वीज चालू-बंद करायची? तिनं दोनशे हजार धरलेलं. त्यामुळं ज्यावर तारेचे वेढे भरतात तो कोअर लहान लागला; ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा झाला, डब्यात छान बसला. पण चालू-बंद करणारे मॉसफेट असे तापले की बोट टेकवेना.

"एवढी घाई कशाला त्याला? साठ हजारावर आण," मी म्हटलं.

"मग कोअर मोठा लागेल बाबा. झाकण बसणार नाही."

"कोअर हाच राहू दे. माझं आयुष्य गेलंय यात."

"तुमचं आयुष्य घरच्या लायटीच्या सेकंदाला पन्नासवर गेलं. हे हजारांत आहे."

"तू कर गं!"

तिनं साठ केलं. दिव्यांएवढा लोड दिला. फट् आवाज झाला, धूर निघाला. मॉसफेट गेले.

वेग कमी केला की दर चालू-बंदला कोअरवर जास्त ताण येतो आणि मॉसफेटमधून नको तेवढी वीज धावते; म्हणून वेढे वाढवावे लागतात. हे तिला माहीत होतं. मलाही होतं, पण तोंडातून शब्द निघून गेला होता.

"बोल की," मी म्हटलं.

"काय बोलू? एकच जोडी राहिली. आज दुकानंही बंद."

तिनं कागदावर काहीतरी केलं, मग म्हणाली, "एकशेवीस ठेवते. वेढे वाढवावे लागतील. बसतील?"

"बसतील का म्हंजे?"

नाय बसले. वरचा वेढा फुगून बाहेर आला, कोअरचे दोन अर्धे जुळेनात. बॅटरीकडचे आणि दिव्यांकडचे वेढे वेगळे ठेवणाऱ्या मधल्या टेपेचा एक थर काढला असता तर जुळले असते.

"बाबा, टेपेला हात लावू नका."

"येडा हाय का मी?"

सगळं उकललं आणि तार ताणून, वेढ्याला वेढा चिकटवत पुन्हा भरलं. बोटांना तार कापत होती. या वेळी कोअर जुळला. तिनं मॉसफेटची शेवटची जोडी बसवून पूर्ण लोड दिला, झाकण लावलं आणि यार्डातल्यासारखा तापू दे म्हणून डबा दारात उन्हात ठेवला. चहा आला, निवला. कुणी प्याला नाही. कान डब्याकडे.

शेवटी तिनं वीज काढून झाकण उघडलं. मी एक बोट मॉसफेटवर टेकवलं, एक कोअरवर. दोन्ही गरम, पण बोट टिकलं.

"शंभर ठेवलं असतंस तर मॉसफेट आणखी थंड राहिले असते," मी म्हटलं.

"बाबा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्कूटरवर मागं बसून, डबा मांडीवर धरून जासईला गेलो. सीटखाली तो मीच बसवला. फोर्कलिफ्टवाल्याला म्हटलं, "सगळे दिवे लाव आणि माल उचल." गाडी निघाली, तसा दिव्यांवर नजर ठेवून मी गाडीच्या मागोमाग यार्डभर चालत राहिलो.