काचेच्या चुकीच्या बाजूला

आतेबहिणीचा, मीनलचा, फोन आला तेव्हा मी मानपाड्याला कंपनीत चहाचा कप हातात धरून कुणावर तरी ओरडत होतो. "सुन्या, आई गेली रे..." एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "आणि त्या पट्ट्या?" माणूस गेल्यावर विचारायचा हा प्रश्न नव्हे, कळतं मला. पण शशीआत्याच्या शेवटच्या वर्षात आमच्या घराण्यात दुसरा विषयच नव्हता.

आत्यानं आयुष्यभर डोंबिवलीत शाळेत विज्ञान शिकवलं. काका गेल्यावर ती लेकीकडे, मीनलकडे, कोलशेतला राहायला गेली. खाडीजवळचं कॉम्प्लेक्स, झाडं भरपूर आणि बागेला लागून काचेच्या भिंतीचं क्लबहाउस. त्या काचेत समोरची झाडं अशी हुबेहूब दिसायची की पक्षी सरळ त्यांच्यात शिरायला जायचे. धप्प! बुलबुल, तांबट, एकदा तर खंड्या. बरेचसे तिथेच मरायचे. जे नुसते गांगरलेले असत त्यांना आत्या भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात ठेवायची. मग घरात फर्मान... टीव्ही बंद, मिक्सर बंद, बोलायचं ते कुजबुजत. "पाहुणा झोपलाय." मी एकदा शिंकलो तर मला जिन्यात पाठवलं होतं. मला, पन्नाशीच्या, दोन मुलांच्या बापाला!

आधी तिनं काचेवर बाहेरून साबणाच्या वडीनं रांगोळीसारखे ठिपके काढले, चार-चार बोटांवर. बिल्डिंगची शोभा जाते म्हणून सोसायटीची नोटीस आली. मग तिनं कुठूनशा अतिनील पट्ट्या मागवल्या. "अरे, अतिनील प्रकाश पक्ष्यांना दिसतो, आपल्याला नाही. या पट्ट्या तो परत फेकतात. म्हणजे पक्ष्यांना काच कळेल आणि सेक्रेटरींना पट्टी दिसणार नाही. आणखी काय हवं यांना?"

भाचा म्हणून जरा वजन पडावं यासाठी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर कमिटीपुढे गेलो. माझं वजन फक्त काट्यावर पडतं, हे तिथे समजलं.

सेक्रेटरींनी पट्टी उजेडात धरली. "काकू, हे तर काहीच दिसत नाही."

"तेच तर!"

"मग लावायचं कशाला?"

मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, पक्ष्यांना..."

"तुम्ही इथले मेंबर आहात का?"

मी बसलो.

असे कित्येक महिने गेले. खाली पक्षी पडत राहिले, वर मीटिंगा होत राहिल्या. अखेर परवानगी आली, एका अटीवर... पट्ट्या आतून लावायच्या. बाहेरून लावल्या तर काच धुणाऱ्यांना त्रास होतो म्हणे. आणि आत्या काही बोलायच्या आत कमिटीनं उत्साहानं त्या आतून लावूनही टाकल्या! आत्या कपाळाला हात लावून बसली. "अरे, ते किरण बहुतेक काचेतच अडतात. आता या पट्ट्या माणसांना दिसत नाहीत आणि पक्ष्यांनाही नाहीत. सगळ्यांची सारखी सोय." उरलेलं पाकीट तिनं खोक्यात टाकलं. आम्ही पुन्हा भांडायला जाणार होतो. त्याच आठवड्यात ती गेली.

शोकसभा क्लबहाउसमध्येच झाली. 'पक्षीप्रेमी काकूं'बद्दल सेक्रेटरी भरभरून बोलले. मागे ती काच, काचेला आतून त्या पट्ट्या. मग सगळे श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं शांत उभे राहिले. आणि त्या शांततेत... धप्प.

कुणी मान वर केली नाही. वेळ पुरी झाल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या मीटिंगला हा विषय घेऊ."

बाहेर बुलबुल पडला होता. चोच उघडी, पण श्वास चालू. मी त्याला रुमालात उचलून वर नेलं. घरात दुखवट्याला आलेले नातेवाईक, नुसता कलकलाट. मीनलनं खोकं काढलं, त्यातलं पाकीट माझ्या हातात दिलं, बुलबुलाला आत ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "पाहुणा आहे."

चिडीचूप. लग्नात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारे आमचे दादा खुणेनं चहा मागायला लागले.

तेवढ्यात मला शिंक आली. कुणी सांगायच्या आत मी नाक दाबून, पाकिटासकट जिन्याकडे पळालो. खाली क्लबहाउसला वळसा घालून बागेच्या बाजूनं काचेपाशी उभा राहिलो आणि पहिली पट्टी बाहेरून चिकटवली.

वॉचमन धावत आला. "ओ साहेब! परमिशन आहे का?"

मी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल रे. वर पाहुणा झोपलाय."