आबांची खाट

माझं काम मशीनची थरथर मोजायचं. सुरतच्या आसपास, कडोदऱ्याच्या लूमच्या शेडमध्ये, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमध्ये दिवसभर सेन्सर चिकटवत हिंडायचं आणि तेच तेच सांगायचं: शेठ, एकट्या मशीनला दोष देऊ नका. जाड काँक्रीटवर गप्प बसणारं मशीन पातळ स्लॅबवर अख्खी इमारत हलवतं. म्हणून मशीनचा जोर वेगळा मोजायचा, जागा त्याला किती साथ देते ते वेगळं. शेठ मान डोलवतात आणि विचारतात, "पण गुन्हेगार कोण?" आता समजवायचाही कंटाळा येतो.

आई गेल्यावर वडिलांना, आबांना, मी गावाहून सुरतला आणलं. इथल्याच लूमवर त्यांची उमर गेली आणि कानही गेले. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर. त्यांची खाट भिंतीला लावून दिली. आठ दिवसांत तक्रार सुरू.

"खाट हालस रे. आठे डोया लागत नही."

घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी वैतागून आवाजाचं मीटर खोलीत धरलं. आकडा नेहमीचाच. "काही नाही आबा, भास होतोय," असं हातवारे करून सांगितलं. बहिऱ्याला आवाजाचा त्रास, म्हणून बायकोजवळ हसलोही. खाटेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दिवसभर खुर्चीत पेंगायचे. महिन्याभरानं पिशवी भरून गावी थोरल्या भावाकडे निघाले. मी थांबा म्हणालो, पण एकदाच.

पुढे एका रविवारी दुपारी त्या खाटेवर आडवा झालो. खाली कुणीतरी नळ सोडला, गच्चीवरचा प्रेशर पंप सुरू झाला आणि माझ्या दाढा थरथरल्या. उठून भिंतीला सेन्सर लावला. हवेतून येणारा आवाज फारसा नव्हताच. सगळी थरथर पंपाच्या पायातून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून भिंतीत आणि भिंतीतून खाटेत. जगाला शिकवतो ते स्वतःच्या घरात सुचलं नाही. फार लाज वाटली.

पंपाखाली रबरी पॅड घातले, पाइपचा घट्ट क्लॅम्प सोडवला, खाट भिंतीपासून सरकवली. पुन्हा मोजलं. थरथर जवळपास गेली होती. लगेच गावी फोन लावला.

"वहिनी, आबांना सांगा, तुमचंच खरं होतं. आता खाट हलत नाही. मी न्यायला येतो."

वहिनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगत होत्या ते मला ऐकू आलं. मग आबांचा आवाज, अजिबात राग नसलेला:

"त्याले सांग, आठे माले झोप लागस."