प्रयोगशाळेतला तेलवाला

सकाळी सातच्या आत गुणाजी प्रयोगशाळेचं कुलूप काढायचा आणि खिडक्या उघडायच्याही आधी ताणकाटा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. रिकामाच. मग गुडघ्यांत वाकून डोळे काट्याच्या रेषेत आणायचा आणि नखाने एक टिचकी मारायचा. काटा थरथरून शून्यावर थांबला, की स्वतःशीच म्हणायचा, "हां, चला." हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मिलमध्ये भोंग्याआधी साच्यांवरून, म्हणजे मागांवरून, एक फेरी मारायची सवय होती, ती इथे अशी आली.

मुलुंडच्या त्या मराठी शाळेत तो चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला. त्याआधी बावीस वर्षं तो परळच्या एका मिलमध्ये तेलवाला होता. हातात लांब चोचीची तेलदाणी घेऊन साच्यासाच्यांमधून फिरायचं, जिथे घासतंय तिथे थेंब सोडायचा. कुठला साचा कोरडा चाललाय, हे त्याला आवाजावरून कळायचं. ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर मिलने त्याला परत घेतलं नाही. दोन वर्षं भांडुपच्या चाळीत बसून काढल्यावर ही नोकरी मिळाली, तीही हंगामी. जानेवारीत शाळेची तपासणी होती. मोठ्या बाईंनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "तपासणी नीट पार पडू दे, मग तुमचा कायम करायचा कागद पाठवते."

तपासणीत विज्ञानाच्या नलिनीबाई नववीला घर्षण शिकवणार होत्या. आठवडाभर आधी त्यांनी तालीम घेतली. लांब फळीवर लाकडी ठोकळा ठेवला आणि त्याला ताणकाटा अडकवून शुभा नावाच्या मुलीला सावकाश ओढायला सांगितलं. "ओढणं किंवा ढकलणं, म्हणजे बल," बाई म्हणाल्या. "तू पुढे ओढतेस, फळी मागे धरते. ठोकळा एकसारखा सरकत असला, की दोन्ही बलं सारखी. काटा दाखवतो तेवढं घर्षण." काट्याने एकशे साठ ग्रॅम दाखवले.

गुणाजी दारात उभा राहून ऐकत होता. म्हणजे खरं तर ठोकळ्याकडेच बघत होता. खर्र, खर्र करत, अडखळत जाणारा तो ठोकळा त्याला बघवेना.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याने फळी घासली, तिच्यावर मेणबत्तीचं मेण चोळलं आणि फडक्याने चकाकेपर्यंत पुसली. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "जानके, फळी अशी केलंय, मागावरचो धोटो धावात तिच्यार."

"शाळेत धोटो खयसून येतलो?" जानकी हसली. "पोरां धावली म्हणजे झाला."

दुसऱ्या दिवशी तपासनीस साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले. शुभाने ओढलं आणि ठोकळा सुर्रकन पुढे आला.

"किती?" बाईंनी विचारलं.

"साठ," शुभा म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, गेल्या आठवड्यात एकशे साठ होतं ना?"

वर्गात खसखस पिकली. बाईंनी पुन्हा ओढून बघितलं. साठच.

"आठवड्यात शंभर ग्रॅम घर्षण गेलं कुठे?" साहेब म्हणाले. "काटा बिघडलाय तुमचा. साहित्याकडे लक्ष नसतं कोणाचं." ते वहीत लिहू लागले.

नलिनीबाईंचा चेहरा उतरला. गुणाजीच्या हातात धुतलेल्या परीक्षानळ्या होत्या. गप्प राहिलं असतं तर त्याला कोणी विचारलं नसतं. काटा जुना होता, बिघडला म्हटलं की गोष्ट तिथेच मिटत होती. पण काटा सकाळी शून्यावर होता. त्याने स्वतः वाकून बघितला होता.

"काटा बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "फळीला मी मेण लावलंय. काल."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. बावीस वर्षं तेच केलं. घासत असलं की गुळगुळीत करायचं."

"अहो, घासतं तेच तर मोजायचंय!"

पोरं आता मोकळेपणी हसली. शुभा हसली नाही. "मामा, खालच्या बाजूला पण लावलंय?"

"खाली नाही गं."

तिने फळी उलटी केली, ठोकळा ठेवला, ओढलं. खर्र. एकशे साठ. एकदा वरून, एकदा खालून, सगळ्यांनी आळीपाळीने ओढून बघितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

साहेबांनी मात्र लिहायचं ते लिहिलं: साहित्यात परस्पर फेरफार केला जातो. गुणाजीचा कागद वर्षभर लांबला. मोठ्या बाई भडकल्या. "तोंड बंद ठेवता येत नव्हतं?"

"काट्यावर आळ आला असता, बाई."

पुढच्या वर्षी नलिनीबाईंनी स्वतः अर्ज लिहिला, मोठ्या बाईंकडून सही करून घेतली आणि तो कायम झाला. ती फळी बाईंनी तशीच ठेवायला सांगितली, एक बाजू मेणाची आणि एक कोरडी. दरवर्षी नववी दोन्ही बाजूंवर ठोकळा ओढायची. मेण उडालं, की गुणाजी बाईंना विचारून पुन्हा चोळायचा. विचारल्याशिवाय कधी नाही.

एकोणनव्वदच्या सप्टेंबरात, एका रविवारी, चहा पिता पिता तो गेला. आदल्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर त्याने नेहमीसारख्या खिडक्या लावल्या, ताणकाटा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. शेजारच्या वर्गात नलिनीबाई वह्या तपासत होत्या. दारातून तो म्हणाला, "बाई, सोमवारी नववीचं घर्षण ना? फळी टेबलावर काढून ठेवलीय. कोरडी बाजू वर आहे."