उपासाच्या आडून

बारावीच्या वर्षी मी सोमवार धरला, मग चतुर्थी, मग गुरुवारही. घरात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आई लग्नाआधीपासून सोमवार करायची. मुलीला देवाची ओढ लागली, असं ती आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत कौतुकाने सांगायची. माझं देवाकडे काहीच मागणं नव्हतं. "नको" म्हटलं की दहा प्रश्न यायचे, "उपास आहे" म्हटलं की एकही नाही, एवढंच मला कळलं होतं. उपासाची खिचडीसुद्धा मी वाटीत चिवडून ठेवायचे.

हे कशामुळे सुरू झालं, असं लोक अजून विचारतात. कॉलेजच्या नाचात माझा घागरा कमरेला बसला नाही आणि मुली हसल्या, हे खरं. पण त्या वर्षी अभ्यास, प्रवेश, सगळंच माझ्या हाताबाहेर चाललं होतं. ताट तेवढं माझ्या हातात होतं. भूक मारली की जिंकल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे जिंकल्यासारखंही वाटेना, नुसती भीती उरली. एक पोळी जास्त गेली तर काय होईल, याची.

दिवाळीला सटाण्याहून आत्या आली. माझ्या डोक्याला तेल लावताना तिचा हात थांबला. तिने तळहात माझ्यासमोर धरला. त्यात केसांचा पुंजका होता.

"पाळी येते का गं तुला?" तिने हळूच विचारलं.

मी नकाराची मान हलवली. ती तशीच तेलकट हातांनी स्वयंपाकघरात गेली. "वहिनी, पोर लय वाळली. ही भक्ती नाय, पोर आजारी हाय."

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचे ठोके पाहिले आणि आम्हाला मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. पप्पा रेल्वेत, मनमाडला अप-डाऊन करायचे. रजा टाकून आले होते. त्यांना हे पटेना. "घरात धान्य भरलेलं आहे आणि पोरगी उपाशी राहते, हा कसला आजार?"

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. "ती हट्ट करत नाहीये," त्या म्हणाल्या. "तिला अन्नाची भीती बसलीय. पाण्यात पडलेल्या माणसाला पाण्याची बसते ना, तशी. रागावून ती भीती जाणार नाही. आणि तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालं, असंही समजू नका."

पप्पांनी रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

मग उपचार सुरू झाले. डॉक्टरांशी बोलणं, आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं जेवण, अधूनमधून तपासण्या. घरातला वजनकाटा गेला. जेवताना कोणीतरी सोबत बसायचं, पण "अजून घे" किंवा "एवढंच?" म्हणायचं नाही. आईला हे फार जड गेलं. ती ओठ घट्ट मिटून बसायची. उपास तर माझ्यासाठी पूर्ण बंद होते.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी ताटावर बसले, तर आईनेही स्वतःचं ताट वाढून घेतलं. वरण, भात, गिलक्याची भाजी.

"आज सोमवार आहे," मी म्हणाले.

"माहितीये."

"मग तू का जेवतेस?"

"तू इथे भाताशी झगडणार आणि मी समोर भगर खात बसू? मला नाही जमायचं ते."

तिने भात कालवला. पहिला घास घेतला. मला तिचा भयंकर राग आला. माझ्यासाठी तिने एवढं मोडावं, हे ओझं मला नको होतं. मी ताट ढकललं, रडले, काहीबाही बोलले. ती उठली नाही. शेवटी मी जेवले ते रागानेच. आईच्या मायेने घास गोड झाला वगैरे काही घडलं नाही. पण घास पोटात गेला, आणि पुढच्या सोमवारीही ती माझ्यासमोर बसली.

बरं होणं सरळ चढत गेलं नाही. एकदा शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "छान भरलीस गं आता!" त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं. मी दोन दिवस पुन्हा घास टाळले. पण या वेळी मी स्वतः जाऊन आईला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "घसरलीस ते ठीक आहे. सांगितलंस, हे मोठं आहे."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आणि पप्पा आत्याकडे निघालो. बस देवळ्याच्या स्टँडवर थांबली. बाहेर भजी तळत होते. वास आला आणि माझ्या पोटात कळ उठली. दुखल्यासारखी, पण दुखणं नव्हे. ही भूक आहे, हे कळायला मला एक क्षण लागला.

"भजी घ्यायची का?" पप्पांनी विचारलं, आणि चुकलंच जणू अशा नजरेने ते लगेच खिडकीबाहेर पाहू लागले.

"घ्या ना," मी म्हणाले. "मिरचीपण सांगा."

ते इतक्या घाईने उतरले की चप्पल पायरीवरच अडकली. कागदात बांधलेली गरम भजी मांडीवर घेऊन आम्ही दोघं खात बसलो. बस सुटली. शेवटचं भजं पप्पांनी माझ्याकडे सरकवलं. मी ते अर्धं मोडून त्यांना दिलं.