त्या घरची कॉफी

अरबी शिकून परराष्ट्र खात्यात लागलो, तेव्हापासून मुरबाडात माझं नाव ‘शेख’. सुट्टीवर आलो की एसटी स्टँडवरच हाक यायची, "काय शेख, उंट कुठं बांधला?" मीही हसायचो. सगळी नोकरी अरब देशांत गेली. करार झाले, मेजवान्या झाल्या, पण त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो एक इवलासा कॉफीचा पेला.

आमच्या मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या एका पोराला तिकडे मृत्युदंड झाला होता. कामावर भांडण झालं, यानं ढकललं, तिथला एक तरुण पायरीवर डोकं आपटून मेला. मेलेल्याच्या बापानं माफ केलं तरच हा वाचणार होता. बापाचं दुःख बापाला कळेल, म्हणून मी पोराच्या वडिलांना तिकडे बोलावून घेतलं.

मेलेल्याच्या घरी जाताना गाडीत बजावलं, "काका, कॉफी आली तरी प्यायची नाही. आधी मागणं मांडायचं. ते ‘दिलं’ म्हणाले की मगच घोट घ्यायचा. आधी प्यालात तर मागणंच संपलं."

"कळलं, साहेब. नाय पिनार."

बैठकीत त्यांची सगळी भावकी जमली होती. मी माझा पेला खाली ठेवून बोलायला लागलो. काकांना मात्र पेला त्या म्हाताऱ्या बापानं स्वतः उठून दिला. कॉफी त्याच्या बोटांवर सांडत होती. काकांनी दोन्ही हातांनी पेला घेतला, कपाळाला लावला आणि पिऊन टाकला.

"अहो काका!" मी ओरडलोच.

 म्हाताऱ्याचा भाऊ उठला. म्हणाला, "पाहुणे प्यायले. आता मागणं उरलं नाही." मी हात जोडले, गयावया केली, यांना तुमची रीत ठाऊक नाही म्हणालो. कसलं काय! तो दार उघडून उभा राहिला. त्या रीतीचा मला आजही संताप येतो.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "त्याचा पोरगा गेलाय, साहेब. त्याच्या हातचं नाय कसं म्हनू?"

मी चिडलेला होतो आणि मला रडूही येत होतं.

पोराला तिकडेच मातीआड केलं.

निवृत्त होऊन परतल्यावर त्यांच्या घरी गेलो. काका ओट्यावरून उठले नाहीत. काकींनी चहा पुढं केला. कप ओठाशी नेववेना, तसाच धरून बसलो. चहावर साय धरली.

काकींना ती रीत काकांनी सांगितली होती. त्या कपाकडे बघत राहिल्या.

"काय मागायला आलाव, साहेब?" त्या म्हणाल्या. "द्यायला आमच्याकडं काय रायलंय आता? प्या. निवला तो."