मावशीने अंदाजाने वाढवलेला फ्रॉक

आमच्या मावशीचा एकच हट्ट: मूल समोर उभं राहिल्याशिवाय कापडाला कातर लावायची नाही. कुणी कागदावर माप लिहून आणलं की कागद परत. "कागदाला खांदे असतात का? पोरीला घेऊन या." दुकानात काजं-बटणं मी करते, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाकडी तोंडं मलाच बघावी लागतात. वैताग नुसता!

शिबिरं नि कवायती करणाऱ्या मुलींच्या पथकाचे गणवेश वीस वर्षं मावशीच शिवते. तीन वर्षांपूर्वी पथक चालवणारी पथकताई एका अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. जन्माच्या दाखल्यावर मुलगा लिहिलेलं. पण बोलायला लागल्यापासून ती मी मुलगी आहे म्हणतेय. ताईने तिला पथकात घेतलं होतं, रविवारी शपथ होती. मावशीने सगळं ऐकलं, गळ्यातली टेप काढली नि म्हणाली, "हात वर कर गं. गुदगुल्या झाल्या तरी हलायचं नाही."

पोरगी खुदकन हसली. "खिसा असेल ना?" एवढंच तिने विचारलं.

गणवेशाचा फ्रॉक शनिवारी तयार झाला आणि त्याच संध्याकाळी पालकांची सभा बसली. बाई गं, काय तो तमाशा! "शिबिरात आमच्या मुलीशेजारी झोपणार का हा?" "आज हे, उद्या काय?" पथकात ज्यांचं कुणीच नाही असे काका-मामासुद्धा तावातावाने बोलत होते. आमच्या समोरचा चष्म्यांचा दुकानदार तर कशावर सही करतोय हे न वाचताच विरोधाच्या निवेदनावर सही करून मोकळा झाला. तीन तास! शेवटी मावशी उठली. "तुमच्यापैकी किती जणांनी त्या पोरीला बघितलंय? तिची उंची तरी सांगा बरं." मग कुणीतरी म्हणालं, "शिंप्यांनी शिवणकाम करावं."

पथकाच्या समितीने ठरवलं, पुढच्या वर्षी बघू. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना, भिजत घोंगडं! पोरीच्या आईने फ्रॉक नेला नाही. "घरात दिसला की रडते," म्हणाली.

फ्रॉक आमच्या दाराशी खुंटीवर लटकत राहिला. पुढच्या वर्षी समितीने पुन्हा पुढच्या वर्षावर ढकललं, आणि मावशीने गपचूप फ्रॉक खाली काढला. दुमड उसवली, बाजूच्या शिवणीत राखलेलं कापड सोडलं. मी म्हटलं, "मावशी, अंदाजाने? तू?" तर माझ्यावरच खेकसली, "तू तुझी बटणं लाव!" त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पोरगी शाळेतून आमच्या दुकानावरून जाताना मावशी मशीन थांबवून तिच्या खांद्यांकडे बघायची, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या आठवड्यात पथकताई धावतच आली, हातात समितीचं पत्र. परवानगी! मला म्हणाली, "जा, तिला बोलाव." मी बोलावून आणलं.

पोरीने पत्र वाचलं, घडी घातली. "ताई, मला मंगळवारी चौदा पूर्ण झाली. पथकात चौदापर्यंतच घेतात ना?"

पथकताईचा चेहरा खर्रकन उतरला. तीन वर्षं भांडली बिचारी, आणि तारीख बघायची राहिली. समितीतल्या शहाण्यांनी बघितली नसेल? मला नाही वाटत. माझं तर डोकंच फिरलं.

"घालून बघू?" पोरगी म्हणाली. पडद्याआड गेली, बाहेर आली. खांदे, कंबर, लांबी, सगळं अगदी बरोबर. खिशात हात घालून ती थोडा वेळ आरशासमोर उभी राहिली. मग आत जाऊन बदलून आली आणि फ्रॉक मावशीच्या हातात दिला. "कुणा लहानीला आटवून द्या."

ती गेल्यावर पथकताई रडायला लागली. मावशीने टेबलावरचं पत्र उचललं नि तिच्या हातात परत दिलं.

"मूल होतं तेव्हा आणायचं होतं," म्हणाली, आणि मशीनवर बसली.